दोन घरचा पाहुणा उपाशी
वाट्यानं दिलेली जनावरं, त्यांचे तंटे आणि ते टाळण्याचा साधा उपाय



लागण, खत, पाणी, तोडणीची पाळी यांच्या तक्रारी ऐकणं हे ऊस विकास विभागाचं नेहमीचंच काम. पण अलीकडं गट कार्यालयाच्या पायरीवर निराळ्याच तक्रारी येऊन बसतात. "मालकानं गोठ्याला कुलूप घातलंय." "वाटेकऱ्यानं म्हस परस्पर इकली." "वाढं सगळं तोडकऱ्यांनी नेलं, आता जनावरांनी काय माती खायाची?" "उकिरडा माझ्या रानात हाय, खत माझंच." असे वाद मिटवणं आमच्या अखत्यारीत येत नाही. तरीही हा विषय या अंकात घेतला, त्याला कारण आहे. यातला प्रत्येक तंटा फिरून फिरून उसाच्या फडातच येतो. वाटेकरी भर हंगामात रान सोडतो, खोडव्याकडं कुणी बघत नाही, शेणखत पडत नाही आणि एकरी टनेज घसरतं. शिवाय ज्या मुक्या जनावरावरून हे सगळं होतं, ते दोघांच्या भांडणात दाव्यालाच उपाशी राहतं. दोन घरचा पाहुणा उपाशी ही म्हण माणसापेक्षा वाट्याच्या जनावरालाच जास्त लागू पडते.

वाट्याची चाल

आपल्याकडं रान जसं वाट्यानं, फाळ्यानं किंवा खंडानं देतात, तसंच जनावरही वाट्यानं देतात. कुणी याला अर्धली म्हणतं, कुणी निम्म्यानं दिलं म्हणतं. ही चाल सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत सारखीच आहे. तसंही १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा होईपर्यंत हा एकच मुलूख होता. त्याच दक्षिण साताऱ्याचं नाव १९६० साली सांगली झालं. कृष्णा-वारणेच्या काठावर वाट्याला म्हैस जास्त असते. माण, खटाव, आटपाडी, जतकडं खिलार खोंड आणि शेरडं जास्त असतात.

व्यवहार ठरतो तो असा. वाटेकरी म्हणतो, "तात्या, ती रेडी वाट्यानं देता का? पोरांच्या तोंडाला दूध हुईल." मालक म्हणतो, "ने की. तुझं-माझं काय निराळं हाय व्हय?" एवढ्या दोन वाक्यांवर रेडी दुसऱ्याच्या दावणीला जाते. पुढची तीन-चार वर्षं वैरण कुणी आणली, पेंड कुणी घातली, डॉक्टरचे पैसे कुणी दिले, याची नोंद कुठंच होत नाही. रेडी वेली की मग हिशेब आठवतो.

"तुझं-माझं काय निराळं" हे बोलणं मनापासूनचं असतं, त्यात कपट नसतं. पण आमच्याकडं आलेल्या तक्रारी बघितल्या, तर बहुतेक भांडणांचं मूळ याच वाक्यात सापडतं. निराळं काय आहे, ते पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर शेवटच्या दिवशी सांगावं लागलं नसतं.

लिहायला भीती कशाची?

"मग लिहून का ठेवत नाही?" असं विचारलं की मालक आवाज खाली घेऊन सांगतात, "कागद केला की कूळ लागतंय." वाटेकरीही गप्प राहतो. कागदाचं नाव काढलं तर रानच जाईल, असं त्याला वाटतं. ही भीती आजची नाही. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८ सालचा. त्याच कायद्यानं १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन धरून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक केलं. त्या दिवशी अनेकांची जमीन गेली आणि अनेकांना मिळाली. दोन्हीकडची घरं ती गोष्ट अजून विसरलेली नाहीत. त्यामुळं मालक आजही रानात वाटेकऱ्याला पक्कं छप्पर घालू देत नाही, गोठ्याच्या मेढी बदलू देत नाही आणि दोन-तीन वर्षं झाली की वाटेकरी बदलतो. या फेरबदलीत हाल होतात ते गोठ्याचे.

यातल्या दोन गोष्टी नीट ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट अशी, की कूळ ठरतं ते दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसण्यावरून. मालकाची म्हैस आपल्या दावणीला बांधून वाढवणं म्हणजे जमीन कसणं नव्हे. जनावराचा कागद केला म्हणून कुणी जमिनीचं कूळ होत नाही.

दुसरी गोष्ट पुष्कळ सभासदांच्या कानावर आलेली नसते. याच कायद्यात कलम ४३-अ आहे. ऊस लागवडीसाठी, फळाफुलांसाठी किंवा पशुपैदाशीसाठी जे खंडपट्टे दिलेले असतात, त्यांना कायद्यातल्या बऱ्याच तरतुदी, खास करून कुळानं जमीन विकत घेण्याच्या तरतुदी, लागू होत नाहीत. ऊस आणि जनावरं ही कायद्यानंही एकाच ओळीत बसवली आहेत. अर्थात प्रत्येक जमिनीची कुळकथा वेगळी असते. सातबारा, जुने फेरफार आणि पीकपाहणी बघून जाणत्या वकिलाला विचारावं. आमच्या लेखावर विसंबून कुणी पाऊल टाकू नये.

यावरून आमचं सांगणं एवढंच: रानाचा कागद वेगळा आणि गोठ्याचा कागद वेगळा. रानाच्या कागदाची भीती वाटते म्हणून गोठ्याचा कागद अडवून धरू नये.

वैरण आणि वाढं

मोठ्या दुभत्या जनावराला दिवसाला वीस ते पंचवीस किलो हिरवी आणि पाच-सहा किलो वाळली वैरण लागते. बागायती रानात सगळा ऊस असला की हिरव्या वैरणीचा आधार म्हणजे बांधावरचं गवत आणि हंगामात उसाचं वाढं. इथंच ठिणगी पडते. बऱ्याच ठिकाणी वाढं तोडणी मजुरांचंच समजलं जातं. त्यांच्याही बैलांना ते लागतं, आणि उरलेल्या मोळ्या विकून त्यांना चार पैसे मिळतात. मालक म्हणतो, "ऊस निम्मा माझा, तर वाढंही निम्मं माझं." वाटेकऱ्यानं तर वर्षभर त्याच वाढ्यावर डोळा ठेवून म्हैस पोसलेली असते. फडात कोयता लागल्यावर हा वाद सुरू झाला की तोड थांबते. म्हणून मुकादमाशी तोडीच्या आदल्या दिवशीच बोलून घ्यावं: किती मोळ्या तोडकऱ्यांच्या, किती मालकाच्या, किती वाटेकऱ्याच्या.

या निमित्तानं एक सूचना. भांडणात दुसरी वैरण बंद झाली की जनावर नुसत्या वाढ्यावर ठेवलं जातं. वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, ते अंगातलं कॅल्शियम धरून ठेवतं. मग दूध कमी होतं, जनावर उलटायला लागतं, हाडं ठिसूळ होतात. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, खनिज मिश्रण चालू ठेवावं आणि सोबत कडबा किंवा दुसरी चांगली वैरण द्यावीच.

शेण कुणाचं?

हा प्रश्न ऐकायला हलका वाटतो, पण ऊस उत्पादकाला तो फार जड आहे. उसाला हेक्टरी २५ टन शेणखताची शिफारस आहे, म्हणजे एकरी दहा टन. एक मोठं जनावर दिवसाला दहा ते पंधरा किलो शेण टाकतं. ते कुजून निम्म्यावर येतं असं धरलं, तर एका एकराला चार-पाच जनावरांचं वर्षभराचं खत लागतं. इतकं खत आज किती सभासदांच्या रानात पडतं? आणि जे असतं, तेही भांडणात उकिरड्यावरच वाळून जातं.

मालक म्हणतो, "वैरण माझ्या रानातली, म्हणून खत माझं." वाटेकरी म्हणतो, "शेण माझ्या बायकोनं भरलं, म्हणून खत आमचं." खरं तर दोघांचंही बरोबर आहे. आमच्या मते ज्या रानातून वैरण आली, त्याच रानात खत जावं आणि भरण्या-पसरण्याची मजुरी वाटेकऱ्याला वेगळी मिळावी. त्यात मालकाचं रान सुधारतं आणि वाटेकऱ्याच्या घरातल्या बाईच्या कामाला मोल मिळतं. गोठ्याचं निम्म्याहून जास्त काम बाया करतात. धार त्या काढतात, शेण त्या भरतात, वैरण त्या आणतात. पण व्यवहार ठरताना त्यांना कुणी विचारत नाही. कागदावर त्यांचीही सही घ्यावी, असं आम्ही आग्रहानं सांगतो.

वासरू आणि किंमत

आता सगळ्यात मोठ्या तंट्याकडं येऊ. समजा, रेडी दिली तेव्हा पंचांनी तिची किंमत १५ हजार रुपये धरली. ती पहिल्यांदा वेली तेव्हा बाजारभाव ६० हजार झाला. वाटणी कशी करायची? एक चाल अशी, की वेल्यावरच्या पूर्ण किमतीचे दोन वाटे. मग सांभाळणाऱ्याला ३० हजार मिळतात. दुसरी चाल अशी, की मूळ किंमत मालकाची आणि वाढलेल्या किमतीचे दोन वाटे. मग सांभाळणाऱ्याला २२ हजार ५०० मिळतात. दोन चालींत फरक साडेसात हजारांचा. कोणती चाल धरली, हे पहिल्या दिवशी न बोलल्यामुळं साडेसात हजारांसाठी वीस वर्षांचा घरोबा तुटतो. कुठं एक वेत तुझं आणि एक वेत माझं अशी चाल आहे. तिथं पहिलं वेत कुणाचं आणि रेडकू मेलं तर ते वेत मोजायचं का, यावर वाद होतो.

कायदा काय म्हणतो, हे इथं सांगितलं पाहिजे. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली आणि तिच्यात वाढ झाली, तर वेगळा करार नसल्यास ती वाढ मालकाची, असं त्याचं कलम १६३ सांगतं. या कलमाखालचं उदाहरणच गाईचं आहे. सांभाळायला ठेवलेली गाय व्याली, तर गाईबरोबर वासरूही मालकाला परत करायचं. "वेगळा करार नसल्यास" हे शब्द सांभाळणाऱ्यानं ध्यानात ठेवावेत. निम्म्याची चाल तोंडी करारानंही धरता येते, पण तो करार झाला होता हे दाखवायची वेळ त्याच्यावर येते. तेव्हा कागदाची गरज मालकापेक्षा सांभाळणाऱ्याला जास्त आहे.

त्याच कायद्यात सांभाळणाऱ्याला आधारही आहे. शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जशी काळजी घेतो, तशी काळजी त्यानं घेतली असेल, तर जनावर रोगानं किंवा अपघातानं दगावल्याचा भार, तसं वेगळं ठरलेलं नसेल तर, त्याच्यावर येत नाही. म्हणजे "माझी म्हस मेली, भरून दे" असं मालकाला नुसतं म्हणता येणार नाही.

किमतीचा प्रश्न खिलारात आणखी बिकट झाला आहे. बैलगाडी शर्यतींवर २०१४ साली बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये त्या कायम झाल्या. स्वस्तात वाट्यानं दिलेलं खोंड शर्यतीत पळायला लागलं की मालकाला ते माघारी हवं असतं. दुसऱ्या टोकाला म्हातारा बैल आहे. मार्च २०१५ च्या कायद्यानं गोवंश हत्याबंदी बैलालाही लागू झाली. थकलेल्या वाट्याच्या बैलाला शेवटपर्यंत वैरण कोण घालणार, हे बोलल्याशिवाय खोंड देऊ-घेऊ नये.

वाट, विहीर आणि कुलूप

रानाचा वाद झाला की मालक गोठ्याची वाट अडवतो. पाणंदीत काटेरी फांद्या पडतात, विहिरीच्या मोटरीची पेटी बंद होते, गोठ्याला कुलूप लागतं. उलट बाजूनंही तसंच होतं. वाटेकरी मालकाला त्याचंच जनावर बघू देत नाही, "अंगणात पाय ठेवू नका" म्हणतो.

वहिवाटीचा शेतरस्ता किंवा चराईच्या जागेची वाट बेकायदा अडवली, किंवा शेतीसाठी वापरात असलेल्या विहिरीच्या पाण्यास अडथळा केला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडं दाद मागता येते. मुदत अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांची. बांधावरून वाट हवी असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३ आहे. पुष्कळ सभासद मुदत संपल्यावर जागे होतात.

पण तहसीलदारांची तारीख लागेपर्यंत म्हैस तहानलेली राहू शकत नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. ज्याच्या ताब्यात जनावर आहे, त्यानं त्याला विनाकारण वेदना होऊ नयेत याची काळजी घेतली पाहिजे, आणि मालकानं त्याला पुरेसं अन्न, पाणी, निवारा दिला पाहिजे, असं तो सांगतो. वाद कुणाचाही असो, वैरण-पाण्याची वाट अडवायचा अधिकार कुणालाच नाही. भांडण माणसांचं आहे, त्याची झळ दावणीपर्यंत जाऊ देऊ नये.

पूर, दुष्काळ आणि लंपी

संकटात हे प्रश्न एका रात्रीत पुढं उभे राहतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर आपण सगळ्यांनी सोसले आहेत. पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागलं, मालक गावात, वाटेकरी मळ्यावर. दावं सोडायचं की विचारायचं? आमचं उत्तर एकच: आधी दावं सोडा, विचारणं मागून. मात्र जनावरं कुठं न्यायची ती उंचावरची जागा पावसाळ्याआधीच ठरलेली पाहिजे.

२०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जत भागात चारा छावण्या उघडल्या. छावणीत जनावरापाशी माणूस राहावाच लागतो. बऱ्याचदा राहिला तो सांभाळणारा. पाऊस पडल्यावर वाटणीत त्याच्या त्या दिवसांचा हिशेब कितीजणांनी धरला?

२०२२ साली लंपी आला. शासनानं दगावलेल्या दुधाळ जनावरामागं ३० हजार, ओढकामाच्या बैलामागं २५ हजार आणि वासरामागं १६ हजार रुपये मदत जाहीर केली. पैसे कुणाच्या खात्यावर यायचे? ज्याच्या नावावर नोंद त्याच्या. आता जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो आणि त्याची नोंद एकाच मालकाच्या नावावर असते. दूध संस्थेतलं खातंही एकाच नावावर असतं. वाटा दोघांचा आणि नोंद एकाची, ही गोष्ट आता टाळता येत नाही. म्हणून ज्याच्या नावावर पैसे येतील, त्यानं दुसऱ्याला किती आणि किती दिवसांत द्यायचे, हे लिहून ठेवणं भाग आहे. उसाचंही तेच आहे. नोंद सभासदाच्या नावावर असते आणि बिल सभासदाच्याच खात्यावर जमा होतं. वाटेकऱ्याचा वाटा वेळेत त्याच्या हातात ठेवणं ही सभासदाची नैतिक जबाबदारी आहे. उसाचा वाटा थकला की तो राग गोठ्यात निघतो, हे आम्ही पुष्कळदा पाहिलं आहे.

कागदात काय लिहावं

साधा कागद चालेल. दोन प्रती, दोन साक्षीदार, आणि दोन्ही घरच्या कारभारणींच्या सह्या. त्यात एवढं असावं:

१. जनावराचं वर्णन, वय, कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि आजची पंचांनी धरलेली किंमत.

२. वाटणी पूर्ण किमतीची की वाढलेल्या किमतीची. वेताची पाळी असेल तर पहिलं वेत कुणाचं.

३. हिरवी, वाळली वैरण आणि पेंड कुणी घालायची. वाढ्याच्या मोळ्यांची वाटणी.

४. दूध कुणाचं, दूध संस्थेत खातं कुणाच्या नावावर. भाकड काळातला खर्च कुणाचा.

५. डॉक्टर, लसीकरण, रेतन आणि विम्याचा हप्ता कुणी भरायचा.

६. शेणखत कोणत्या रानात जाणार आणि भरणीची मजुरी किती.

७. गोठ्याची वाट आणि पाणी कायम खुलं राहील. मालकानं जनावर बघायला दिवसा यावं, हाक मारून यावं. डॉक्टरला कुणीही अडवू नये.

८. जनावर दगावलं तर डॉक्टरांचा दाखला आणि पंचनामा. विमा किंवा मदत आली तर तिची वाटणी. पुरात न्यायची जागा.

९. परस्पर विक्री करायची नाही. व्यवहार मोडायचा तर एक महिना आधी सांगायचं. गाभण जनावर शेवटच्या महिन्यात आणि वेलेलं जनावर पहिल्या पंधरा दिवसांत दावणीवरून हलवायचं नाही.

१०. वाद झाला तर आधी दोघांनी मिळून आत्ताच नेमलेल्या पंचांकडं जायचं. तोवर वैरण-पाणी चालू.

आणि सगळ्यात खाली एक ओळ: "हा कागद जनावरापुरता आहे, जमिनीच्या हक्काशी याचा संबंध नाही." मालकाची भीती या ओळीनं पुष्कळ कमी होईल.

सभासद बंधूंनो, कागद करणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असा आपल्याकडं समज आहे. पण याच कारखान्याच्या काट्यावर आपण प्रत्येक गाडीची पावती घेतो. ती पावती घेताना आपला कारखान्यावर अविश्वास असतो का? वजन लिहिलेलं असतं म्हणूनच भांडण होत नाही. गोठ्यालाही तीच रीत लावावी.

आडसाली लागणीची गडबड सुरू व्हायच्या आत ज्यांच्याकडं वाट्याची जनावरं आहेत, त्यांनी दोघांनी एकत्र बसून हा कागद पुरा करावा, ही नम्र विनंती. ज्याला लिहिता येत नाही, त्यानं गट कार्यालयात यावं, आमचे कर्मचारी लिहून देतील. बसायची जागा गोठ्यातच धरा, म्हणजे ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय ते जनावर समोर असेल.